पहिली रायफल, एकच कॅलिबर: सगळ्या शिकारीला चालेल असं काडतूस कसं निवडावं

"कुठलं कॅलिबर घेऊ?" हा नवशिक्याचा पहिला प्रश्न. ज्याला विचाराल तो आपल्याच खांद्यावरच्या रायफलचं नाव सांगून मोकळा होतो, म्हणजे जितकी तोंडं तितकी उत्तरं. त्यातलं एकही उत्तर सहसा चूक नसतं, प्रश्न मात्र घाईने विचारलेला असतो. सावज कोणतं, किती अंतरावरून, तुमच्या खांद्याला किती धक्का झेपतो आणि गोळी कोणत्या बनावटीची, एवढं ठरलं की कॅलिबर निवडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. जिथं शिकारीला कायद्याने परवानगी आहे आणि तुमच्याकडे शस्त्राचा व शिकारीचा असे दोन्ही परवाने आहेत, तिथल्यापुरतंच हे लिखाण.

आधी नावांचा गुंता सोडवा

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आणि तिच्यातून जाणाऱ्या गोळीचा व्यास. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी), दारू आणि गोळी मिळून झालेली अख्खी वस्तू. .३०-३०, .३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या चौघांची गोळी एकाच व्यासाची, .३०८ इंचाची. पण पुंगळ्या वेगळ्या, त्यात मावणारी दारू वेगळी, म्हणून वेग आणि धक्काही वेगळा. त्यामुळे दुकानात नुसतं "थर्टी कॅलिबर द्या" म्हणून भागत नाही.

नावांमागे एकच एक नियमही नाही. .३०-०६ मधला ०६ हा १९०६ सालचा. .३०-३० मधला दुसरा ३० म्हणजे मूळच्या काडतुसातली ३० ग्रेन दारू (ग्रेन हे वजनाचं माप, सुमारे ०.०६५ ग्रॅम). ७.६२×५१ मधला ५१ ही पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये. .२७० ची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंचाची असते, ७ मिमीची .२८४ आणि ६.५ मिमीची .२६४ इंचाची. हे पाठ करायची गरज नाही. नळीवर कोरलेलं नाव आणि पुंगळीच्या बुडावरचा ठसा अक्षर न् अक्षर जुळतो का, एवढं मात्र प्रत्येक वेळी पाहायचं. काडतूस आत बसलं म्हणजे ते त्याच रायफलचं, असं नसतं. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलमध्ये बसू शकतं. मग .३०८ इंचाची गोळी .२२४ इंचाच्या नळीत अडकते आणि रायफल हातातच फुटते. दोन रायफली असतील तर मैदानावर एका वेळी एकाच प्रकारची काडतुसं बाहेर काढा.

पायरी १: सावजांची यादी, वजनासकट

पुढच्या पाच वर्षांत खरोखर कशाची शिकार कराल ते कागदावर लिहा. वीस-पंचवीस किलोचं रो हरीण, सत्तर-ऐंशी किलोचं व्हाइटटेल हरीण, शंभरीच्या आसपासचं रानडुक्कर, तीनशे किलोचा एल्क (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण), त्याहून मोठा मूस (हरणांतला सर्वांत मोठा). आता त्यातल्या ज्या सावजामागे दहापैकी नऊ दिवस जाणार आहेत त्याच्याखाली रेघ मारा. निवड त्या सावजासाठी करायची. नवशिका नेमकं उलट करतो, एकदाच भेटेल अशा मूससाठी रायफल घेतो आणि वर्षभर हरणांमागे ती वाहत राहतो.

"सगळ्याला चालेल" या शब्दालाही वर-खाली मर्यादा आहेत. ससा या रायफलीचा नव्हे, त्याला .२२ रिमफायर हे छोटं काडतूस. हत्ती, केप म्हैस यांच्यासारख्या धोकादायक जनावरांसाठी आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी .३७५ ही किमान पातळी धरतात, तो वर्गच निराळा. मधला पट्टा, म्हणजे वीस किलोपासून साडेतीनशे-चारशे किलोपर्यंत, एका काडतुसात बसतो.

त्या भागातला कायदाही याच वेळी तपासा, कारण तो कधीकधी निवड आपसूक अरुंद करतो. जर्मनीत रो हरणासाठी गोळीची ऊर्जा १०० मीटरवर किमान १००० ज्यूल हवी. रानडुक्कर, लाल हरीण वगैरेंसाठी व्यास किमान ६.५ मिमी आणि ऊर्जा २००० ज्यूल. म्हणजे .२४३ (गोळी ६.५ मिमीहून बारीक) तिथे रो हरणाला चालतं, रानडुकराला चालत नाही, मग गोळी कितीही चांगली असो.

ऊर्जेचा हिशेब स्वतः करता येतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रतिसेकंदात; वेगाचा वर्ग करून वजनाने गुणायचं आणि ४,५०,२४० ने भागायचं, उत्तर फूट-पाउंडात. .३०८ ची १५० ग्रेनची साधी गोळी नळीच्या तोंडाशी सुमारे २८२० फूट वेगाने निघते, म्हणजे २६५० फूट-पाउंडांच्या आसपास. ३०० यार्डांवर वेग २००० पर्यंत उतरतो आणि ऊर्जा १३३० वर येते, निम्मी. हरणाला १००० आणि एल्कला १५०० फूट-पाउंड लागतात असा जुना ठोकताळा आहे. अंदाजाला ठीक, पण त्याला चिकटून बसू नका. जनावर आकड्याने पडत नाही, फुप्फुसातून आरपार गेलेल्या छिद्राने पडतं.

पायरी २: तुमचं अंतर, रायफलचं नव्हे

आठ इंच व्यासाची कागदी थाळी घ्या. मध्यम आकाराच्या हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण तेवढाच असतो. ती १०० यार्डांवर लावा आणि बाकावरून नव्हे, तर गुडघ्यावर बसून किंवा काठ्यांच्या टेकूवरून पाच गोळ्या झाडा. पाचही थाळीत गेल्या तर १५० वर जा, मग २०० वर. जिथे पहिली गोळी बाहेर गेली त्याच्या आधीचं अंतर ही तुमची सीमा. बहुतेकांची ती पहिल्या वर्षी १५० ते २०० यार्डांत येते.

हे समजलं की "सपाट मार्गक्रमणा"च्या, म्हणजे गोळी लांबवरही फार खाली येत नाही असं सांगणाऱ्या, निम्म्या जाहिराती निकामी होतात. २०० यार्डांवर झीरो केलेली (म्हणजे त्या अंतरावर नेमाच्या जागीच लागेल अशी दुर्बीण जुळवलेली) .३०८ ची १५० ग्रेनची गोळी ३०० वर सुमारे नऊ इंच खाली लागते. .२७० ची १३० ग्रेनची सात इंच, ६.५ क्रीडमूरची आठच्या आसपास. तीनशे यार्डांवर फरक दोन इंचांचा, आणि तुमची सीमा दोनशेची. लांबवर खरा त्रास वाऱ्याचा असतो. तिथे लांब, निमुळत्या गोळीचा फायदा खरा आहे, पण तो ३०० च्या पुढे.

पायरी ३: धक्का

नवशिक्याच्या हातून सुटलेलं किंवा जखमी होऊन पळालेलं जनावर बहुतेक वेळा कमी ताकदीमुळे सुटत नाही. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटलेले असतात, म्हणून सुटतं.

आठ पाउंडांच्या रायफलीत धक्क्याची ऊर्जा साधारण अशी भरते: .२४३ ला ९ फूट-पाउंड, ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी-०८ ला १२ च्या आसपास, .३०८ ला १५, .२७० ला १६-१७, .३०-०६ ला १८० ग्रेनसकट २०, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमला २६-२७. पंधरापर्यंतचा धक्का बहुतेक मोठी माणसं सरावाने सहज पचवतात. विसाच्या पुढे मन आधीच अंग चोरायला लागतं.

रायफलचं वजन इथे फार महत्त्वाचं, कारण धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. डोंगरात हलकी पडावी म्हणून सहा पाउंडांची .३०-०६ घेतली, की खांद्यावर आठ पाउंडांच्या .३०० मॅग्नमएवढाच दणका बसतो. पहिली रायफल दुर्बिणीसकट साडेसात-आठ पाउंडांची असावी. चढणीला कुरकुराल, पण नेम लागेल. नळीच्या तोंडाला लावायचा ब्रेक धक्का खरोखर कमी करतो, मात्र आवाज इतका वाढवतो की कान झाकल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही, शेजारी उभ्या असलेल्यानेसुद्धा.

दचक आहे की नाही हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. मैदानावर सोबत्याला रायफल भरायला सांगा, तुम्ही पाहायचं नाही. पाच वेळांपैकी दोनदा त्याने त्याच मापाचं डमी काडतूस घालायचं. नेम धरा, चाप ओढा. डमीच्या वेळी नुसती टक् वाजली आणि दुर्बिणीतली फुली जागची हलली नाही, तर ठीक. पण बहुतेकांच्या बाबतीत नळीचं तोंड खाली झुकतं, खांदा पुढे येतो, आणि हे सगळं स्फोट न होताच. एरवी हे धक्क्यात लपून जातं. उधारीच्या रायफलीवर ही चाचणी घ्या. ज्या काडतुसाला फुली हलते ते काडतूस, निदान सध्या, तुमचं नाही.

पायरी ४: गोळी, जिच्याबद्दल कोणी विचारत नाही

कॅलिबरवर तासन्‌तास वाद घालणारी माणसं काडतुसाचा खोका उचलताना वरचं हरणाचं चित्र पाहतात. खरं काम गोळी करते. एकाच .३०८ मधली एक गोळी रानडुकराच्या खांद्यावर फुटून उथळ जखम करते आणि दुसरी त्याच खांद्यातून आरपार जाते.

शिकारीची गोळी आदळल्यावर फुलली पाहिजे, मूळ व्यासाच्या दीड ते दोन पट, आणि फुलूनही आत शिरत राहिली पाहिजे. ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि गोळ्यांचे प्रकार म्हणजे त्यातल्या तडजोडी.

साधी सॉफ्ट पॉइंट गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच. स्वस्त, भरवशाची, हरणासाठी उत्तम. पण खूप वेगाने जवळच्या हाडावर आदळली तर गाभा आणि कवच वेगळे होतात. बाँडेड गोळीत ते एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे वजन टिकतं. नोस्लर पार्टिशन १९४८ पासून विकली जाते. तिच्या मधोमध धातूची आडवी भिंत असते, पुढचा भाग फुलतो आणि मागचा तसाच आत जातो. अख्ख्या तांब्याच्या गोळ्या सगळ्यांत खोल जातात आणि मांसात शिशाचे कण सोडत नाहीत, पण फुलायला त्यांना वेग लागतो. बऱ्याच गोळ्यांची खालची मर्यादा १८०० ते २००० फुटांच्या दरम्यान असते, ती निर्मात्याच्या माहितीत दिलेली असते. वर पाहिलेला ३०० यार्डांवरचा २००० फुटांचा आकडा आठवा. तांब्याची गोळी घेताना वजन एक पायरी उतरवतात ते यासाठीच, म्हणजे .३०८ मध्ये १५० ऐवजी १३०. वेग वाढतो, आणि वजन टिकत असल्याने खोलीत तोटा होत नाही.

दोन गोष्टी मात्र खोक्यात येता कामा नयेत. एक, पूर्ण कवचाची लष्करी गोळी. ती फुलत नाही, बारीक छिद्र पाडून निघून जाते, जनावर मैलभर पळून मरतं, आणि बऱ्याच ठिकाणी ती शिकारीला बेकायदाही आहे. दुसरी, कोल्ह्यासारख्या छोट्या जनावरांसाठी बनवलेली हलकी, झटकन फुटणारी गोळी. .२४३ ची बदनामी मुख्यतः या ५५ ते ७० ग्रेनच्या गोळ्या हरणावर वापरल्याने झाली आहे. हरणाला ९० ते १०० ग्रेनची शिकारीची गोळी घाला, तेच काडतूस वेगळं वागतं.

वजनं ठरवताना हे पुरतं: .३०८ मध्ये हरणाला १५०, मिश्र कामाला १६५, एल्क-मूसला १८० ग्रेन. .२७० मध्ये १३०, जड कामाला १५०. ७ मिमी-०८ ला १४०. ६.५ क्रीडमूरला १४० ते १४३. मांस वाचवायचं असेल तर जवळच्या अंतरावर खूप वेगवान हलकी गोळी टाळा, पुढचा अख्खा खांदा रक्ताळून फुकट जातो.

पायरी ५: आता उमेदवार

.२४३ विंचेस्टर (१९५५) लहान हरणांना आणि धक्क्याला बिचकणाऱ्याला छान. पण यादीत रानडुक्कर किंवा एल्क असेल तर एकच रायफल म्हणून ते तोकडं पडतं.

६.५ क्रीडमूर २००७ साली निशाणेबाजीसाठी आलं आणि शिकारीत स्थिरावलं. धक्का सौम्य, गोळी लांब आणि बारीक, त्यामुळे शिरते खोल. ते जादूचं आहे असं ऐकाल, तेवढं मनावर घेऊ नका. त्याच व्यासाचं ६.५×५५ स्वीडिश एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलं आणि स्कँडिनेव्हियात पिढ्यान्‌पिढ्या त्याने मूस पडत आले आहेत. एल्कला वापरायचं तर अंतर आवरा आणि मजबूत गोळी घ्या.

७ मिमी-०८ रेमिंग्टन (१९८०) म्हणजे .३०८ ची पुंगळी मानेशी आवळून केलेलं काडतूस. १४० ग्रेन, २८६० फूट, धक्का .३०८ पेक्षा कमी, काम जवळपास तेवढंच. तांत्रिकदृष्ट्या यादीतली सर्वांत समंजस निवड. अडचण एकच, आडगावच्या दुकानात त्याचा एखाददुसराच खोका असतो, कधी तोही नाही.

.२७० विंचेस्टर १९२५ पासून आहे आणि उघड्या माळावर, डोंगरउतारावर अजूनही उत्तम. १३० ग्रेन ३०६० फुटांनी.

.३०८ विंचेस्टर (१९५२) कुठल्याच बाबतीत पहिलं येत नाही आणि कशातही नापास होत नाही. गोळ्यांची विविधता प्रचंड, काडतुसं जवळपास सगळीकडे, नळी हजारो गोळ्या टिकते. कोणतीच खास अट नसेल तर हेच घ्या.

.३०-०६ हे त्याच गोळ्या पन्नास ते शंभर फूट जास्त वेगाने फेकतं. फरक जाणवतो तो १८० ग्रेन आणि त्यापुढच्या जड गोळ्यांत. यादीत एल्क-मूसखाली रेघ असेल आणि वीस फूट-पाउंड झेपत असतील तर .३०८ च्या आधी याचा विचार करा.

७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम (१९६२) आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम (१९६३) उत्तम काडतुसं आहेत. पहिली रायफल म्हणून नकोत. दारू जास्त, काडतुसं महाग, म्हणून सराव कमी, आणि त्यावर दचक.

पायरी ६: रायफल पाहताना

.३०८ च्या कुटुंबाला आखूड ॲक्शन (काडतूस आत घेणारी, बाहेर टाकणारी यंत्रणा) पुरते, काडतूस सुमारे २.८ इंच लांब. .३०-०६ आणि .२७० ला लांब ॲक्शन लागते, काडतूस ३.३४ इंचांपर्यंत. वजनातला फरक थोडा, पण लांब ॲक्शनचा बोल्ट (मागे-पुढे सरकवायचा दांडा) घाईत अर्धवट मागे ओढला जातो, नवीन काडतूस उचललंच जात नाही आणि रिकाम्या नळीवर चाप ओढला जातो. बोल्ट शेवटाला ठोकेपर्यंत मागे ओढायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा, पाहा. ६.५ क्रीडमूरला आठ इंचांत एक फेरा हा रिवाज, .३०८ ला दहा किंवा बारा इंचांत एक. जुन्या १:१२ नळ्यांत फार लांब, जड गोळ्या स्थिर राहतीलच असं नाही. नळीची लांबी २२ इंच पुरेशी. खोक्यावरचा वेग बहुधा २४ इंची चाचणी नळीतला असतो, म्हणून प्रत्येक कमी इंचामागे वीस-पंचवीस फूट वजा धरा. दुर्बीण आणि डोळा यांत साडेतीन इंच अंतर राहील अशी ती बसवा, नाहीतर पहिल्याच गोळीला भुवईवर चंद्रकोर उमटते.

पायरी ७: काडतुसं निवडा, झीरो करा

एकाच वजनाची, पण तीन वेगळ्या कंपन्यांची काडतुसं एकेक खोका घ्या, खोक्यात बहुधा वीस असतात. प्रत्येकाचे तीन-तीन गोळ्यांचे तीन गट १०० यार्डांवर झाडा, प्रत्येक गटानंतर नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. तापलेल्या बारीक नळीचा गट पसरतो आणि दोष काडतुसाच्या माथी जातो. ज्याचे तिन्ही गट दीड इंचाच्या आत आले ते काडतूस तुमचं. मग त्याच लॉट क्रमांकाचे पाच-दहा खोके एकदमच घ्या. कंपनी बदलली की वजन तेच असूनही गोळी दोन-तीन इंच सरकून लागू शकते.

झीरोची सुरुवात २५ यार्डांवरून, म्हणजे पहिली गोळी निदान कागदावर दिसते. पाव इंची क्लिकची दुर्बीण १०० यार्डांवर एका इंचाला चार क्लिक मागते, २५ वर सोळा. हे विसरून लोक चार क्लिक फिरवतात आणि दुर्बीण खराब आहे म्हणतात. २५ वर मध्यभागी आलं की १०० वर जा आणि गट केंद्राच्या दोन इंच वर आणा. अशा रायफलीचा झीरो २०० च्या आसपास बसतो, पण तो २०० वर प्रत्यक्ष झाडून पक्का करा. गट अचानक भरकटला तर आधी दुर्बीण धरणाऱ्या रिंगचे आणि त्यांच्याखालच्या बेसचे स्क्रू तपासा. टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, निर्मात्याने दिलेलाच, रिंगला बहुधा १५ ते १८ इंच-पाउंड. हाताने आवळून दुर्बिणीची नळी चपटी करू नका.

शेवटची चाचणी थंड नळीची. रानात पहिली गोळी थंड नळीतूनच जाते, म्हणून वेगवेगळ्या चार-पाच दिवशी मैदानावर पोचल्या पोचल्या एकच गोळी झाडा आणि कागद जपून ठेवा. पाचही छिद्रं एका कागदावर ठेवून पाहा, तुमचा खरा गट तोच. दूरचा प्रवास झाला किंवा रायफल कुठे आपटली तर शिकारीच्या आदल्या दिवशी पुन्हा दोन गोळ्या. आणि नेमाच्या रेषेत सावजामागे मातीचा उतार नसेल तर चाप ओढायचा नाही. या काडतुसांची गोळी चुकली तर तीन-चार किलोमीटरही जाऊ शकते.